नाकाचा देठ आणि स्तनाची शस्त्रक्रिया : पुणे १७९४ ते आज

१/११
होट्टल (जि. नांदेड) आणि निलंगा (जि. लातूर) येथील चालुक्यकालीन मंदिरांवरच्या सुरसुंदरी आपण पाहिल्या असतील. त्यांच्या दगडी देहावर ना वय चढते, ना बाळंतपण. सजीव देहाचे तसे नाही. ओघळलेला स्तन उचलणे आणि त्याच वेळी त्याचा आकार वाढवणे, या जोडशस्त्रक्रियेचा हा इतिहास. तिच्यामागचे मूळ तत्त्व मात्र नाकाच्या एका शस्त्रक्रियेत पाहायला मिळते. 🧵

२/११
तिसरे इंग्रज-म्हैसूर युद्ध, १७९०-९२. टिपूविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम एकत्र आले होते. नांदेड-लातूरचा मुलूख तेव्हा बहुतांशी निजामाच्या राज्यात होता. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा बैल हाकणारा टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला.

३/११
पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक घडवून दिले. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबईच्या इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिचा वृत्तांत छापून आला. आपल्या दृष्टीने खेदाची गोष्ट अशी, की रुग्णाचे नाव इतिहासात राहिले, कारागिराचे राहिले नाही.

४/११
कृती अशी : मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने बेतायचा, तो कपाळावर पसरून त्याभोवती रेघ आखायची, तेवढी कातडी सोडवायची. परंतु दोन डोळ्यांमधली एक चिंचोळी पट्टी कापायची नाही. कातडी वळवून नाकाच्या जागी बसवायची आणि कात लावलेल्या कापडाने धरून ठेवायची. सुमारे २५ दिवसांनी ती पट्टी कापायची.

५/११
ती पट्टी म्हणजे 'देठ'. पान देठाला असेपर्यंत हिरवे राहते, तसेच कातडीचे. देठातून रक्त पोहोचत राहते, तोवर नवी जागा तिला आपली करून घेते. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये या पद्धतीने शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. युरोपने ही विद्या येथून उचलली.

६/११
आता स्तनाकडे येऊ. स्तन उचलताना जादा कातडी काढून स्तनाग्र वर न्यावे लागते. ते सुटे करून चिकटवीत नाहीत. रक्तवाहिन्यांसह आतल्या ऊतींना जोडलेले ठेवूनच वर सरकवतात. हाही देठच. पुण्याच्या कारागिराने जे जपले, तेच येथे जपायचे असते.

७/११
आकार वाढवण्याचा इतिहास मात्र ठेचा खात गेला. १८९५ मध्ये चेर्नी या जर्मन शल्यविशारदांनी गाठ काढल्याने रिकाम्या झालेल्या स्तनात रुग्णाच्याच अंगावरची चरबीची गाठ बसवली. पुढे पॅराफिन टोचण्याची लाट आली. त्याच्या कठीण गाठी झाल्या. १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे क्रोनिन व गेरो यांनी पहिले सिलिकॉन इम्प्लांट बसवले. दोन्ही क्रिया एकत्र करण्याच्या पद्धती गोन्झालेझ-उयोआ (१९६०) आणि रेन्यो (१९६६) यांनी मांडल्या.

८/११
जोडशस्त्रक्रिया अवघड का? इम्प्लांट आतून कातडी ताणते, उचलण्याची क्रिया बाहेरून तीच कातडी आवळते. दोन्हींचा ताण एकाच देठावर. म्हणून दुरुस्तीची दुसरी शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता येथे अधिक. काही शल्यविशारद दोन्ही क्रियांत काही महिन्यांचे अंतर ठेवतात. धूम्रपान रक्तपुरवठा घटवते, म्हणून ते आधी काही आठवडे बंद करावे लागते.

९/११
अपेक्षा काय ठेवावी? पूर्ण भूल. स्तनाग्राभोवती, बहुधा खाली उभा, कधी नांगराच्या आकाराचा व्रण. तो फिका पडायला वर्षभर लागू शकते, पुसला कधीच जात नाही. सूज काही आठवडे. जड उचलणे साधारण चार ते सहा आठवडे वर्ज्य. स्तनाग्राची संवेदना बदलू शकते, स्तनपानात अडचण येऊ शकते. पुढचे बाळंतपण किंवा वजनातील चढउतार यांनी आकार पुन्हा बदलतो.

१०/११
आणि इम्प्लांट आयुष्यभराचे नसते. ते फुटू शकते, त्याभोवतीचे आवरण आवळून घट्ट होऊ शकते. अमेरिकेत सिलिकॉन इम्प्लांटवर १९९२ मध्ये निर्बंध आले, ते २००६ मध्ये उठले. २०१९ मध्ये एका दुर्मीळ कर्करोगाशी संबंध आढळल्याने अ‍ॅलर्गन कंपनीचे खडबडीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभर परत मागवण्यात आले. म्हणून इम्प्लांटचा प्रकार आणि त्याचे कार्ड जपून ठेवणे, नियमित तपासणी करणे आणि मॅमोग्राफीच्या वेळी इम्प्लांट असल्याचे सांगणे आवश्यक.

११/११
नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभारला. लातूरमध्ये डॉ. विठ्ठल लहाने दुभंगलेल्या ओठांच्या शस्त्रक्रियांसाठी ओळखले जातात. तेथे संकोच नसतो. स्तनाचा विषय निघाला की आवाज खाली जातो. त्या कुजबुजीतच बाई अर्धवट माहितीवर सही करते. शस्त्रक्रिया करावी की नाही, हा निर्णय तिचा. होट्टलच्या सुरसुंदरीचा नाही, नवऱ्याचा नाही, आपलाही नाही. तिने डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : माझ्या बाबतीत दोन्ही एकदम करणे सुरक्षित आहे का, आणि नसेल तर का? सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका निनावी कारागिराला ज्याची काळजी होती, त्या रक्तपुरवठ्याविषयीचाच हा प्रश्न आहे.