गाडीचे हॅलोजन बल्ब काढून एलईडी बसवताय? आधी हे वाचा

गणपतीला रात्रीच्या वेळी मुंबईहून कोकणात गाडी चालवत गेला असाल, तर हा अनुभव नवा नाही. बाहेर पाऊस, रस्ता ओला, आपल्या जुन्या गाडीचा पिवळट उजेड जणू डांबरच पिऊन टाकतंय. तेवढ्यात समोरून पांढरी शुभ्र लाइट लावलेली गाडी येते आणि दोन-तीन सेकंद डोळ्यांसमोर फक्त पांढरा पडदा उरतो.

त्या रात्री मनात दोन विचार येतात. पहिला, ‘आपल्या गाडीलाही अशीच लाइट हवी.’ दुसरा, ‘हा माणूस डिपर का मारत नाही?’

गंमत म्हणजे या दोन्हींचं उत्तर बऱ्याचदा एकच असतं. समोरच्याने डिपरच लावलेला असतो. फक्त हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये त्याने एलईडी बल्ब बसवून घेतलेला असतो.

मग हा बदल करावा की करू नये? केला तर कोणत्या दिव्यात? कायदा काय म्हणतो? एकेक मुद्दा पाहू.

हॅलोजन आणि एलईडीमध्ये नेमका फरक काय?

हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार असते. वीज गेली की ती तापून उजेड देते. काचेच्या आत आयोडिन किंवा ब्रोमिनसारखा हॅलोजन वायू असतो. तारेवरून उडालेलं टंगस्टन पुन्हा तारेवर आणण्याचं काम तो करतो, त्यामुळे बल्ब लवकर काळवंडत नाही. पण आत जाणाऱ्या विजेचा बहुतांश भाग उष्णतेत जातो, उजेडात थोडाच उतरतो.

एलईडीमध्ये तारच नसते. अर्धवाहक चिपमधून वीज गेली की थेट प्रकाश निघतो. पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर असतो. दोन्ही मिळून आपल्याला पांढरा रंग दिसतो. हा निळा एलईडी बनवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.

आपल्याकडच्या अनेक गाड्यांमध्ये एच-४ प्रकारचा बल्ब असतो. तो अप्परला ६० आणि डिपरला ५५ वॅट वीज घेतो. त्याच जागी बसणारा एलईडी साधारण निम्म्या किंवा त्याहून कमी विजेत चालतो. हॅलोजनचा रंग ३,२०० केल्विनच्या आसपास, म्हणजे पिवळट असतो. बाजारातले बहुतेक एलईडी ६,००० केल्विनच्या पुढचे, म्हणजे निळसर पांढरे असतात.

इथेच पहिली फसगत होते. पांढरा उजेड डोळ्यांना जास्त भासतो. तो रस्त्यावर हव्या त्या ठिकाणी जास्त पडतो का, हा वेगळा प्रश्न आहे.

बल्ब बदलला तर बिघडतं काय?

हेडलाइट म्हणजे फक्त बल्ब नाही. बल्बच्या मागचा चकचकीत रिफ्लेक्टर आणि पुढची काच मिळून उजेडाला आकार देतात. हा रिफ्लेक्टर एक गोष्ट गृहीत धरून बनवलेला असतो. ती म्हणजे उजेड एका ठरलेल्या जागी असलेल्या, जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लांबीच्या तारेतून येणार.

एच-४ बल्ब नीट पाहिला तर आत दोन तारा दिसतात. डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ही वाटी खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे तो रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्याकडे वळतो. समोरच्या चालकाचे डोळे वाचतात ते या वाटीमुळे.

आता तारेच्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिप येतात. त्या मूळ तारेच्या जागेपासून किंचित पुढे-मागे असल्या किंवा खालची आडोशाची वाटी नीट नसली, तर उजेड रिफ्लेक्टरच्या नको त्या भागावर पडतो. तिथून तो वर जातो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात. चालकाला मात्र झाडं, पाट्या, सगळं लख्ख दिसत असतं. त्याला वाटतं, पैसे वसूल झाले.

समोरच्याचं काय होतं? ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. दोन सेकंद काही दिसलं नाही, तर ४४ मीटर अंतर अंधारात कापलं गेलं. तेवढ्यात रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस, मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली किंवा बसलेलं जनावर येऊ शकतं. वय वाढलं किंवा मोतीबिंदू असला, की डोळे दिपल्यावर सावरायला आणखी वेळ लागतो. हेल्मेटच्या ओरखडे पडलेल्या काचेतून पाहणाऱ्या दुचाकीस्वाराला तर हाच उजेड फुटून चौफेर पसरलेला दिसतो.

प्रोजेक्टर असेल तर चालतं का?

काही गाड्यांच्या हेडलाइटमध्ये पुढे गोल भिंगासारखी काच असते. याला प्रोजेक्टर म्हणतात. यात उजेडाची वरची सीमा आतला पडदा ठरवतो. त्यामुळे एलईडी बसवला तरी ही सीमा बरीचशी टिकते आणि समोरच्याला होणारा त्रास रिफ्लेक्टरपेक्षा कमी असतो. तरी चिपची जागा चुकली तर उजेडाचा झोत विस्कटतो. अगदी गाडीसमोरचा रस्ता उजळतो, पण दूरवर, जिथे खरी गरज असते तिथे, उजेड कमी पडतो.

खोक्यावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवावा का?

‘२०० वॅट’, ‘२०,००० लुमेन’ असे आकडे खोक्यांवर सर्रास दिसतात. साधा हिशोब करू. १२ व्होल्टच्या गाडीत एका बल्बने खरंच २०० वॅट घेतले, तर जवळपास १६-१७ अँपिअर करंट लागेल. हेडलाइटचा फ्यूज साधारण १० किंवा १५ अँपिअरचा असतो. म्हणजे आकडा खरा असता तर फ्यूज उडाला असता.

तुलनेसाठी, चांगला एच-४ हॅलोजन डिपरला सुमारे १,००० आणि अप्परला सुमारे १,६५० लुमेन देतो. कुणी याच्या वीसपट उजेडाचा दावा करत असेल, तर खोकं परत काउंटरवर ठेवलेलं बरं.

आणखी एक मुद्दा उष्णतेचा. हॅलोजन आपली उष्णता पुढे फेकतो. एलईडीची उष्णता चिपच्या मागे साठते, म्हणून मागे पंखा किंवा ॲल्युमिनियमचे पंख असतात. ते मोठे असले की हेडलाइटचं मागचं रबरी किंवा प्लास्टिकचं झाकण बसत नाही. मग ते कापलं जातं किंवा उघडंच राहतं. पावसाळ्यात तिथून ओल आत शिरते, काचेवर आतून वाफ धरते आणि रिफ्लेक्टरचा मुलामा खराब होतो. बल्ब हजाराचा, पण हेडलाइट बदलायला कित्येक हजार लागतात.

बाकीच्या दिव्यांचं काय?

बाहेरचे दिवे म्हणजे फक्त हेडलाइट नाही. प्रत्येकाचं गणित वेगळं आहे.

पार्किंग आणि नंबर प्लेटचा दिवा: इथे ५ वॅटचा छोटा बल्ब असतो आणि उजेडाला काटेकोर आकार द्यायचा नसतो. त्यामुळे डोळे दिपण्याचा धोका सर्वांत कमी. रंग मात्र पांढराच हवा, निळा किंवा जांभळा नाही.

ब्रेक लाइट: एलईडी क्षणात पेटतो. हॅलोजन किंवा साध्या बल्बची तार तापायला सेकंदाचा थोडासा अंश लागतो, त्यामुळे मागच्याला इशारा किंचित लवकर मिळतो. पण लाल काचेमागे पांढरा एलईडी लावला तर लाल रंग फिका, गुलाबी दिसतो, कारण पांढऱ्या एलईडीत लाल प्रकाश कमी असतो. शिवाय अनेक गाड्यांत एकाच बल्बमध्ये टेल लाइट (५ वॅट) आणि ब्रेक (२१ वॅट) अशा दोन तारा असतात. स्वस्त एलईडीत या दोन्हींच्या उजेडात फारसा फरक राहत नाही. मग मागच्याला कळतच नाही की तुम्ही ब्रेक दाबला आहे. हे सर्वांत धोकादायक.

इंडिकेटर: एलईडी लावला की इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकू लागतो. कारण रिले करंट मोजत असतो. करंट कमी झाला की त्याला वाटतं, बल्ब उडाला. यावर गॅरेजमध्ये रेझिस्टर जोडून देतात. तो चांगलाच तापतो. प्लास्टिकला किंवा वायरच्या गुच्छाला टेकून बसवला तर ते वितळू शकतं. शिवाय एलईडीमुळे वाचवलेली वीज तो तिथेच जाळतो.

फॉग लॅम्प: हा खाली असतो आणि त्याचं काम गाडीजवळचा रस्ता दाखवणं हेच आहे. पण तिथेही चुकीचा बल्ब लागला तर उजेड वर उसळतो. घाटातल्या धुक्यात वर गेलेला उजेड पाण्याच्या कणांवर आपटून आपल्याच डोळ्यात परततो आणि समोर भिंत उभी राहिल्यासारखं वाटतं.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १०६ व्या नियमानुसार पुढच्या दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा खाली वळलेला असावा किंवा चालकाला तो खाली वळवता यावा. त्यासाठी दिव्यापासून ८ मीटर अंतरावर आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याचा निकष दिलेला आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करण्यावर बंधन घालतं. २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

‘पण बल्ब तर बाजारात उघड विकला जातो!’ असं कुणीही म्हणेल. मुद्दा असा की हेडलाइटला मान्यता मिळते ती ठरावीक प्रकारच्या बल्बसह. पुण्यातल्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांमध्ये दिवे तपासले जातात ते याच जोडीने. तुमच्या हेडलाइटच्या काचेवर ‘एचसीआर’ अशी अक्षरं कोरलेली असतील, तर त्यातला ‘एच’ म्हणजे हॅलोजन, ‘सी’ म्हणजे डिपर आणि ‘आर’ म्हणजे अप्पर. तो दिवा हॅलोजनसाठीच मंजूर झालेला आहे.

जर्मनीने यातून वेगळा मार्ग काढला. तिथे २०२० मध्ये ओसराम कंपनीच्या एलईडी बल्बला पहिल्यांदा रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली, पण सरसकट नाही. ज्या मॉडेलच्या हेडलाइटमध्ये तो तपासून पाहिला, त्याच मॉडेलसाठी. म्हणजे ‘कुठल्याही गाडीला चालेल’ असा एलईडी तिथेही नाही.

याशिवाय वायर कापून जोडकाम केलं असेल तर कंपनीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते आणि आग लागल्यास विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

मग उजेड वाढवायचा कसा?

खर्च कमी ते जास्त, या क्रमाने जा.

१. काच पाहा. जुन्या गाडीची हेडलाइट पॉलिकार्बोनेटची असते आणि उन्हाने पिवळी, धुरकट होते. पॉलिश करून घेतली तरी फरक लगेच जाणवतो.

२. बल्ब जुना आहे का? हॅलोजन वापराने मंद होत जातो. चांगल्या कंपनीची ६०/५५ वॅटची नवी जोडी लावा. दोन्ही एकदम बदला आणि काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलेल्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. १००/९० वॅटचा बल्ब टाळा, त्याने होल्डर आणि वायर जळतात.

३. वायरिंग तपासा. लांब, जुन्या वायरमुळे बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही. चांगला वायरमन ते मीटर लावून दोन मिनिटांत सांगतो. गरज असल्यास रिले लावता येतो.

४. अँगल लावून घ्या. झोत खाली झुकला असेल तर कितीही भारी बल्ब लावला तरी उपयोग नाही.

५. पूर्ण एलईडी हेडलाइट. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने एलईडी हेडलाइट दिली असेल, तर ती बसू शकते का हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. महाग आहे, पण तिथे चिप आणि रिफ्लेक्टर एकमेकांसाठीच बनलेले असतात.

आधीच एलईडी बसवला असेल तर?

ही चाचणी आजच रात्री करा. सपाट जागेवर भिंतीपासून साधारण २५ फुटांवर गाडी उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर असू द्या, चालकाच्या जागी कुणाला तरी बसवा आणि डॅशबोर्डवरचं अँगलचं चक्र शून्यावर ठेवा. डिपर लावा.

भिंतीवर स्पष्ट सीमा दिसायला हवी: वर अंधार, खाली उजेड. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून ही रेषा डावीकडे थोडी वर चढलेली आणि उजवीकडे, समोरून येणाऱ्याच्या बाजूला, खाली असते. रेषेची उंची हेडलाइटच्या मध्यापेक्षा थोडी खालीच हवी.

जुना हॅलोजन जपून ठेवला असेल तर तो एका बाजूला लावून दोन्हींची तुलना करा. एलईडीच्या बाजूला रेषाच दिसत नसेल, उजेड भिंतभर पसरला असेल, तर बल्ब होल्डरमध्ये फिरवून चिप डाव्या-उजव्या बाजूला तोंड करून आहेत का ते पाहा. तरीही रेषा येत नसेल, तर तो बल्ब तुमच्या हेडलाइटसाठी नाही. काढा आणि जुना परत लावा.

एवढं करायचं नसेल तर आणखी सोपं. घरच्या कुणाला तरी गाडीत बसवून डिपर लावायला सांगा आणि आपण ३०-४० पावलं पुढे जाऊन गाडीकडे तोंड करून उभे राहा. हात आपोआप डोळ्यांवर गेला, तर उत्तर मिळालं. रोज रात्री समोरून येणारा प्रत्येक जण तेच करतोय, फक्त त्याचे दोन्ही हात हँडलवर आहेत.