फुलदांड्यावरचे बाळरोप

१८५० साली जोसेफ हूकर आणि थॉमस थॉमसन हे वनस्पतिशास्त्रज्ञ खासी टेकड्यांत हिंडत होते. तेथील ओक वृक्षांवर निळ्या फुलांचे ‘वांडा सेरुलिया’ हे ऑर्किड त्यांना विपुल आढळले. लंडनजवळच्या क्यू उद्यानासाठी त्यांनी सात हमालांची ओझी भरतील इतकी रोपे उतरवली. जिवंत पोहोचली अगदी थोडी. त्यांच्याबरोबर आलेल्या एका माळ्याने मालकासाठी पाठवलेले एकच ओझे मात्र मरगळलेल्या अवस्थेतही ३०० पौंडांना विकले गेले. खासी ऑर्किडे विकून चपळ संग्राहकाला एका हंगामात दोन ते तीन हजार पौंड सहज मिळतील, असा हिशेबही हूकरने आपल्या ‘हिमालयन जर्नल्स’मध्ये छापून टाकला. हूकरविषयी मला अतिशय आदर आहे. तरीही ही ओळ वाचताना प्रत्येक वेळी अस्वस्थ व्हायला होते.

जंगलातून ओरबाडण्याखेरीज दुसरा मार्ग त्या काळी फारसा कुणाला ठाऊक नव्हता. ऑर्किडच्या एका बोंडात लक्षावधी बिया असू शकतात, पण त्या धुळीइतक्या बारीक. अंकुराला पुरेल असा अन्नसाठा त्यांत नसतो. निसर्गात ही शिदोरी एक बुरशी पुरवते, हे फ्रान्सच्या नोएल बर्नारने १८९९ मध्ये ओळखले. १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नडसनने बुरशीऐवजी साखर वापरून काचपात्रात बिया रुजवल्या. तरीही बियांपासूनचे रोप हुबेहूब आईसारखे निघत नाही आणि फुलायला काही वर्षे घेते.

१९४९ मध्ये गाविनो रोटर यांनी वेगळी वाट धरली. फॅलेनॉप्सिसच्या फुलदांड्याच्या पेरांवर निद्रिस्त डोळे असतात, उसाच्या कांडीवर असतात तसेच. ती पेरे निर्जंतुक पोषकद्रव्यावर ठेवून त्यांनी डोळ्यांतून रोपे मिळवली. पुढे १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या ऊतींवर दाखवले की मूळ फुटणार की कोंब, हे ऑक्सिन आणि सायटोकायनिन यांच्या परस्परप्रमाणावर ठरते. मला भौतिकशास्त्रातून आल्यामुळे असेल कदाचित, पण एका गुणोत्तराने दिशा ठरावी, ही गोष्ट विलक्षण मोहक वाटते. पेरावर लावायच्या मलमातही सायटोकायनिनच असते.

मी मलम लावले नव्हते. ईशान्य भारतात रानात वाढणारे डेन्ड्रोबियम नोबिले माझ्या गॅलरीत आहे. हिवाळ्यात त्याला कोरडी विश्रांती हवी असते. मी प्रेमाने पाणी देत राहिलो. फुले आलीच नाहीत, पेरांवर तीन बाळरोपे आली. हवाई बेटांच्या भाषेत त्यांना ‘केकी’, म्हणजे लेकरू, म्हणतात. मुळे पाच-सात सेंटीमीटर होईपर्यंत ती आईच्याच अंगावर ठेवली, मग निर्जंतुक केलेल्या पात्याने कापून सालीच्या तुकड्यांत लावली.

निळा वांडा आज आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. केकीमुळे बागेची हौस जंगलाला हात न लावता भागू शकते, पण जंगल पुन्हा भरायला ती पुरेशी नाही. माझी तिन्ही रोपे जनुकीयदृष्ट्या एकच आहेत; एकाला गाठणारा रोग तिघांनाही गाठू शकतो. जंगलासाठी वेगवेगळ्या झाडांच्या बियाच रुजवाव्या लागतात, आणि तिथे बर्नारची ती बुरशी पुन्हा लागते.