मामाची विहीर आणि फ्रीस्टाइल

तळ्याला आजोळ असल्याचा एक फायदा म्हणजे पोहायला शिकायची फी पडली नाही. मामाने पाठीला सुका भोपळा बांधला आणि दिलं विहिरीत ढकलून! तिसऱ्या सुट्टीत भोपळा सुटला आणि 'आपल्याला पोहता येतं' ही समजूत पुढची वीस वर्षं टिकली. ती फुटली पुण्यातल्या तलावात. पंचवीस मीटरमध्ये धाप! शेजारच्या लेनमध्ये एक आजी शांतपणे येरझाऱ्या घालत होत्या.

सर म्हणाले, "डोकं वर ठेवता, म्हणून पाय बुडतात. निम्मी ताकद वाया जाते." मामाची विद्या एका वाक्यात निकालात! वाईट वाटलं. मग सवयीप्रमाणे या 'कोड'चा इतिहास खणायला बसलो.

गंमत बघा, नियमाप्रमाणे फ्रीस्टाइल हा पोहण्याचा प्रकारच नाही. शर्यतीत कसंही पोहा, एवढीच मुभा. त्यात सगळ्यात वेगवान ठरला तो क्रॉल. आणि तो काही युरोपचा शोध नव्हे. 1844 साली उत्तर अमेरिकेतल्या दोन आदिवासींनी लंडनमध्ये असे हात फेकत पोहून दाखवलं, तर लोकांना ते रानटी वाटलं. 1873 मध्ये ट्रजन नावाच्या इंग्रजाने दक्षिण अमेरिकेत शिकलेले ते हात लंडनला आणले, पण पाय जुन्याच पद्धतीचे. डोकंही पाण्याबाहेर, म्हणजे थेट आमचा मामा! दोनच वर्षांनी कॅप्टन वेबने इंग्लिश खाडी पार केली, तीसुद्धा ब्रेस्टस्ट्रोकने. पाय सरळ ठेवून वरखाली मारण्याची पद्धत 1900 च्या आसपास सिडनीत रुजली. सॉलोमन बेटांवरून आलेला ॲलिक विकहॅम हा मुलगा तसा पोहायचा. 1922 मध्ये जॉनी वाइसमुलरने 100 मीटर 58.6 सेकंदांत संपवले. मिनिटाच्या आत येणारा तो पहिला.

थोडक्यात काय, आधी हात आले, मग पाय. एकेक भाग सुटा सुधारत गेला. सरांची ड्रिल्स नेमकी हीच आहेत! कुशीवर तरंगत नुसते पाय मारायचे, म्हणजे श्वास बसतो. मुठी मिटून पोहायचं, म्हणजे तळव्याबरोबर कोपराखालचा हातही पाणी धरायला शिकतो. एक हात पुढे येऊन टेकेपर्यंत दुसरा हलवायचा नाही, म्हणजे घाई जाते. आपल्या भाषेत युनिट टेस्टिंग. हातांवर किती भिस्त असते ते मुरलीकांत पेटकरांकडे बघून कळतं. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या सांगलीच्या या जवानाने 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं.

तीन महिन्यांनी माझे पंचवीसचे चारशे मीटर झाले. ऐटीत मामाला फोन केला. तो म्हणाला, "मांदाडच्या खाडीत डोकं खाली घालून पोहलास, तर समोरून येणारी होडी कोण बघणार रे?"

गप्प बसलो. धरमतर ते गेटवे पोहणाऱ्यांनाही मध्ये मध्ये मान वर काढून दिशा बघावीच लागते. आणि तो वाइसमुलर? तोही डोकं बऱ्यापैकी वर ठेवूनच पोहायचा. फक्त त्याचे पाय ते डोकं पेलण्याइतके दणकट होते.

असो. मामाचं चुकलं नव्हतं. त्याने विहिरीत आणि खाडीत जिवंत राहायला शिकवलं, सर तलावात दम वाचवायला शिकवतायत. मे महिन्यात तळ्याला जाईन तेव्हा मामाला मुठी मिटून पोहायला लावणार आहे. बघू, ऐकतो का!