मामाचा पिक्चर

माझा मामा एका पिक्चरची गोष्ट सांगतो. लहानपणापासून मी ती वीसेक वेळा तरी ऐकली असेल. एक गोरा कमांडो असतो, पैसे घेऊन लढणारा. त्याला जंगलातला अफूचा साठा उडवायला पाठवतात. मग एक गाडी बोगद्याच्या भिंतीवर चढून पळते. मग धरण फुटतं. मग तोच कमांडो एकदम कुठल्याशा हुकूमशहाशी लढायला लागतो. मधल्या अफूचं काय झालं, हे मामा कधीच सांगत नाही. शेवटी ज्यांनी त्याला पैसे देऊन पाठवलेलं असतं, तेच चोर निघतात. "मालकच चोर!" असं म्हणून मामा चहा मागतो.

पिक्चरचं नाव त्याला आठवत नाही. कॅसेटवर 'कमांडो इंग्लिश' एवढंच लिहिलेलं असायचं म्हणे.

इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर मी मामाची नक्कल करायचो. पोरं हसून लोळायची. भिवंडीचा आहे हे सांगायला तेव्हा मला जरा लाज वाटायची, आणि आपणच आधी हसलं की लाज कमी वाटते.

आता माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला जुना कोड वाचणं. त्यातून एक गोष्ट शिकलो. एखादी ओळ वेड्यासारखी दिसली तर ती लिहिणारा वेडा होता असं लगेच समजायचं नाही. तिथं काहीतरी अडचण असते, कोणीतरी घाईत असतं, कोणाकडे तरी पैसे कमी असतात. एका रविवारी वाटलं, मामाचा पिक्चर असाच वाचून बघू.

शोधायला फार वेळ लागला नाही. गाडी बोगद्याच्या भिंतीवर चढते तो पिक्चर म्हणजे १९८४ सालचा 'कोडनेम : वाइल्ड गीझ'. दिग्दर्शक इटलीचे अँटोनियो मार्गेरिती, पण पडद्यावर नाव 'अँथनी एम. डॉसन', म्हणजे अमेरिकन वाटावं असं. निर्माता स्वित्झर्लंडचा, हिरो लुईस कॉलिन्स इंग्लंडचा, सोबत अमेरिकेचे ली व्हॅन क्लीफ आणि अर्नेस्ट बोर्गनाइन, जर्मनीचा क्लाउस किन्स्की. गोष्ट थायलंड-म्यानमारकडच्या 'सुवर्ण त्रिकोणा'ची, शूटिंग फिलिपिन्सच्या जंगलात. इटलीत तेव्हा आवाज नंतर भरायची पद्धत होती. त्यामुळे सेटवर कोण कुठल्या भाषेत बोलतंय याला महत्त्व नव्हतं. मोठे स्फोट परवडत नसत, म्हणून मार्गेरिती खेळण्याएवढी मॉडेलं बनवून ती उडवायचे. भिंतीवर चढलेली ती गाडीसुद्धा मॉडेलच आहे.

नावही उसनंच. १९७८ साली 'द वाइल्ड गीझ' नावाचा मोठा इंग्रजी पिक्चर आला होता. रिचर्ड बर्टन, रॉजर मूर, रिचर्ड हॅरिस. लंडनचा एक धनाढ्य बँकर भाडोत्री सैनिकांना आफ्रिकेत पाठवतो, एका कैद केलेल्या नेत्याला सोडवायला. ते त्याला सोडवतात, धावपट्टीवर येतात, आणि त्यांना न्यायला आलेलं विमान त्यांना तिथंच टाकून निघून जातं. बँकरचा सौदा परस्पर जमलेला असतो, तांब्याच्या खाणींसाठी. १९८४ च्या पिक्चरचा या गोष्टीशी काही संबंध नाही. गाजलेलं नाव दिसलं की वितरक घेतात, एवढाच हिशोब.

मग धरण आणि हुकूमशहा कुठून आले? ते 'कमांडो लेपर्ड' या १९८५ च्या पिक्चरमधून. दिग्दर्शक तोच, हिरो तोच, किन्स्की तोच, जंगलही तसंच. १९८८ साली याच जोडीचा 'द कमांडर' आला, त्यात परत अफू. म्हणजे मामाचा एक पिक्चर हे खरं तर तीन पिक्चर आहेत. मामाच्या डोक्यात त्यांचा एकच तागा झालाय.

पण तसं का झालं? यासाठी भिवंडीत यावं लागेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. गिरण्या बंद पडल्या, तरी कापडाचा धंदा बंद पडला नाही. मालकांनी कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेतलं. मुंबईत कामगारांची युनियन होती, हजेरीपट होता. भिवंडीत छोटे छोटे कारखाने, बारा-बारा तासांच्या पाळ्या, मीटरवर मजुरी, कापडात दोष निघाला की कपात. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून माणसं आली. एका खोलीत आठ-दहा जण. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रात्रपाळीवाला झोपणार.

मामा शहापूरकडून आला. आधी मागावर काम केलं, मग संध्याकाळी एका व्हिडिओ हॉलच्या दारात उभा राहायला लागला. व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या सुमारास देशभर पसरले, आणि पाठोपाठ गावोगाव व्हिडिओ हॉल निघाले. मामाचा हॉल म्हणजे पत्र्याची शेड, लाकडी बाकडी, समोर एक टीव्ही. बहुतेक हिंदी पिक्चर लागायचे. रात्री उशिरा 'कमांडो इंग्लिश'.

तिथं पिक्चर पहिल्यापासून कोणी बघत नसे. पाळी सुटली की माणूस भिशीत, म्हणजे खानावळीत, जेवणार आणि मग येणार. कोणी मध्यंतरात येई, कोणी शेवटच्या अर्ध्या तासाला. कोणी अर्ध्यातून उठून पाळीला जाई. एक कॅसेट संपली की दुसरी चालू. इंग्रजी कोणाला येत नव्हतं, आणि आलं असतं तरी ऐकू किती आलं असतं, हा प्रश्नच आहे. बारा तास मागांच्या खडखडाटात काढल्यावर कानात तास-दोन तास तोच आवाज राहतो. मामा आज साठीतला आहे, पण त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. पाळी अर्धवट, भाषा परकी, कान बधिर. अशा माणसाला डोळ्यांनी जे कळेल तेवढीच गोष्ट. ती जंगलात जाते, तिथं स्फोट होतात, आणि शेवटी कोणीतरी फसवतं.

ज्याची गोष्ट कुठूनही बघितली तरी चालते, असाच पिक्चर तिथं चालणार होता. बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण मामाला त्यातलं काय लक्षात राहिलं ते दिसतंच. घरापासून लांब, पैशासाठी, दुसऱ्याच्या कामावर मरायला गेलेला माणूस. आणि त्याला पाठवणारा.

पडद्यावरच्या भानगडी वेड्यासारख्या वाटतात, पण खरे भाडोत्री सैनिक फार वेगळे नव्हते. 'द वाइल्ड गीझ'चे सल्लागार होते माइक होर. साठच्या दशकात काँगोमध्ये त्यांनी पैसे घेऊन लढणारी तुकडी चालवली होती. २५ नोव्हेंबर १९८१ रोजी, म्हणजे मुंबईतल्या संपाच्या दोनच महिने आधी, ते सेशेल्स बेटांवरचं सरकार उलथवायला निघाले. साथीदारांना बिअर पिणाऱ्यांच्या क्लबचे सदस्य बनवलं. बॅगांमध्ये वर अनाथ मुलांसाठी खेळणी, खाली चोरकप्प्यात बंदुका. विमानतळावर कस्टमवाल्याला एका बॅगेत बंदूक सापडली आणि तिथंच गोळीबार सुरू झाला. नेमकं तेव्हा एअर इंडियाचं बोइंग तिथं उतरलं. ते मुंबईला यायचं होतं. या लोकांनी ते ताब्यात घेतलं आणि दक्षिण आफ्रिकेत डर्बनला नेलं. प्रवासी सुखरूप सुटले. होर यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, १९८५ साली ते सुटले. पिक्चरमध्ये असं दाखवलं असतं तर हॉस्टेलवर आम्ही त्यालाही हसलो असतो.

हे सगळं जमल्यावर मी भिवंडीला गेलो. मामाच्या हातात फोन दिला आणि बोगद्यातली गाडी लावली. आवाज बंदच होता. तो चालू करावा असं दोघांनाही सुचलं नाही. मामा खूश झाला. मग मी ओरडून ओरडून समजावलं, की ती गाडी खेळण्यातली आहे, धरण दुसऱ्या पिक्चरमधलं आहे, तू तीन पिक्चर एकत्र केलेस.

मामा थोडा वेळ गप्प होता. मग त्यानं आजवर कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. ज्या कारखान्यात तो माग चालवायचा, तो सेठनं एका रात्रीत विकला. सकाळी पाळीवर गेले तर दाराला कुलूप. सगळ्यांची सात आठवड्यांची मजुरी बाकी होती. ती कधीच मिळाली नाही. म्हणून तो हॉलच्या दारात उभा राहायला लागला होता.

"तीन असतील रे," तो म्हणाला, "मालक सगळीकडे तोच."

'कमांडो लेपर्ड'मध्ये असा कोणी मालक नाही. मी ते त्याला सांगितलं नाही. पिक्चर शेवटपर्यंत चालू ठेवला आणि चहा टाकायला उठलो.