मातीतली बुरशी आणि जॉप्लिनच्या जखमा

म्युकरमायकोसिस म्हटलं की आपल्याला २०२१ आठवतं. कोविड, वाढलेली साखर, स्टेरॉइड्स आणि नाका-डोळ्यांत शिरलेली ‘काळी बुरशी’. पण याच गटातली बुरशी धडधाकट माणसाच्या जखमेतही वाढू शकते.

२२ मे २०११ रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात जॉप्लिन या शहरावर भीषण टोर्नेडो आला. दीडशेहून अधिक माणसं गेली, हजाराहून अधिक जखमी झाली. अनेकांच्या अंगात लाकडाच्या ढलप्या, काचा, माती घुसली होती. उपचार सुरू असूनही काहींच्या जखमा बऱ्या होईनात. आतलं मांस मरत चाललं. शेवटी १३ जणांच्या जखमांत अपोफायसोमायसीस नावाची बुरशी सापडली. त्यातले ५ दगावले. तेरापैकी फक्त दोघांना मधुमेह होता, प्रतिकारशक्ती खालावलेलं कुणीच नव्हतं. गंमत म्हणजे या बुरशीची शास्त्राला पहिली ओळख १९७९ साली झाली ती आपल्याच उत्तर भारतातल्या आमराईच्या मातीतून!

ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते. तिथे रक्त गोठतं, पुढचा भाग मरतो आणि त्या मेलेल्या मांसावर ती आणखी पसरते. रुग्ण विचारतात, “डॉक्टर, इंजेक्शनने भागणार नाही का?” जिथे रक्तच पोचत नाही तिथे शिरेतून दिलेलं औषध कसं पोचणार? म्हणून आधी शस्त्रक्रिया करून मेलेला भाग काढावा लागतो, तोही बहुधा पुन्हा पुन्हा. जोडीला ॲम्फोटेरिसिन बी. हे औषधही मातीतलंच: १९५०च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं. जुन्या प्रकाराने किडनीला फार त्रास व्हायचा, लिपोसोमल प्रकाराने तो कमी झाला.

त्याच सुमारास अफगाणिस्तानात पायी गस्त घालणारे अमेरिकी सैनिक पुरलेल्या स्फोटकांनी जखमी होत होते. स्फोटाबरोबर शेतातली माती थेट मांड्यांत घुसायची. कापलेला पाय बुरशीमुळे आणखी वरून कापावा लागे. तिथल्या सर्जननी कल्चरची वाट न बघता मांसाचा तुकडा लवकर सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला सुरुवात केली. जखमा धुवायला त्यांनी पहिल्या महायुद्धातलं डेकिनचं द्रावण पुन्हा बाहेर काढलं, पण अगदी पातळ करून. त्यात सोडियम हायपोक्लोराइट असतं, म्हणजे घरच्या ब्लीचमधलंच रसायन. कृपया घरी कुणी हा प्रयोग करू नये. शेतात किंवा रस्त्यावर अपघात होऊन जखमेत माती गेली असेल, तर तेवढं मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा.