मैल कोणाचा?

नवव्या शतकात बगदादचा खलिफा अल-मामून याने पृथ्वी किती मोठी आहे हे मोजण्यासाठी आपले खगोलशास्त्रज्ञ सिंजारच्या मैदानात पाठवले. आकाशातील ध्रुवाची उंची एक अंशाने बदलेपर्यंत ते उत्तर-दक्षिण रेषेत चालले आणि ते अंतर मोजले. अल-फरगानीने आपल्या ग्रंथात आकडा दिला : एका अंशाला ५६ पूर्णांक दोन तृतीयांश मैल. त्याला ३६० ने गुणले की पृथ्वीचा परीघ येतो २०,४०० मैल. अरबी मैल ढोबळमानाने २ किलोमीटरचा. म्हणजे परीघ सुमारे ४ × १० चा चौथा घात, ४०,००० किलोमीटर. आजचा आकडाही जवळपास तोच आहे.

साडेसहाशे वर्षांनी कोलंबसने हाच आकडा घेतला, पण मैल धरला रोमन, सुमारे दीड किलोमीटरचा. झाले! पृथ्वी ३०,००० किलोमीटरची उरली आणि आशिया जवळ आला. १४९२ मध्ये वाटेत अमेरिका आडवी आली, म्हणून तो वाचला.

आपल्या पूर्वजांनी पृथ्वी मोजली, हे आपण अभिमानाने सांगतो. जरूर सांगावे. पण मुलांना तो गुणाकारही करायला लावावा. ढोबळ अंदाज चालतो. मैल कोणाचा हे विचारले नाही, तर अचूक आकडाही बुडवतो.