भरतपूरच्या म्हशी

राजस्थानातील भरतपूरजवळचे केवलादेव हे पक्षितीर्थ निसर्गाने जसेच्या तसे दिलेले नाही. मुळातल्या खोलगट भूमीवर बांध घालून आणि अजान बांधाचे पाणी आणून भरतपूरच्या संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकात ते घडवले, तेही शिकारीसाठी. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या उपस्थितीत एकाच दिवशी ४२७३ पक्षी मारले गेल्याची नोंद तेथील शिळेवर कोरलेली आहे. शिकारीचे हे तळे पुढे संरक्षणाचे प्रतीक ठरले. १९८१ मध्ये ते रामसर यादीत आले आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले.

राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास कायद्याने मनाई असते. त्याप्रमाणे नोव्हेंबर १९८२ मध्ये भोवतालच्या गावांच्या म्हशींना उद्यान बंद झाले. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचाही चराईबंदीला पाठिंबा होता. पिढ्यान्‌पिढ्यांचा चारा एका आदेशाने तुटल्यावर गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष पेटला. पोलिसांच्या गोळीबारात काही गावकऱ्यांचा जीव गेला.

या निर्णयामागे एक जुनी समजूत उभी होती. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये अनुक्रमणाचा सिद्धान्त सविस्तर मांडला. मोकळ्या जागी एक वनस्पतिसमूह येतो, तो दुसऱ्यासाठी भूमी तयार करतो आणि ही साखळी शेवटी एका स्थिर, ‘चरम’ समुदायापाशी थांबते, असे त्याचे सार. मग माणूस आणि त्याची गुरे दूर केली की निसर्ग आपली वाट आपण धरील, हे ओघानेच आले. निसर्गाने वाट धरलीही. पण उथळ तळ्याची वाट कोठे जाते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नव्हता. पाणवनस्पती वाढतात, कुजून तळाशी साचतात, गाळ त्यांच्यात अडकतो, पाणी उथळ होत जाते, दलदलीतले गवत पसरते आणि कालांतराने तेथे कोरडी जमीन होते. तळ्याच्या अनुक्रमणाचे पुढचे पाऊल म्हणजे तळ्याचाच शेवट.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ व्ही. एस. विजयन आणि त्यांचे सहकारी १९८० पासून दशकभर या उद्यानाचा अभ्यास करीत होते. त्यामुळे बंदीच्या आधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहण्याची दुर्मीळ संधी त्यांना मिळाली. आढळले ते असे : म्हशी नाहीशा होताच पास्पॅलम डिस्टिकम हे पाणगवत मोकाट वाढले. त्याच्या दाट थरांनी पाण्याचा उघडा पृष्ठभाग व्यापला, आणि बदकांसारख्या ज्या पाणपक्ष्यांना मोकळे पाणी लागते त्यांचा अधिवास आक्रसला. म्हशी हे अनुक्रमण रोखून धरीत होत्या. सालिम अली ज्या संस्थेचे आधारस्तंभ होते, तिच्याच अभ्यासातून त्यांच्या मताविरुद्ध पुरावा पुढे आला, ही गोष्ट त्या संस्थेला भूषणावह म्हटली पाहिजे.

केवलादेवला येणारे सायबेरियन क्रौंच २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर दिसले नाहीत. त्याचा सारा दोष गवतावर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांच्या प्रदीर्घ उड्डाणमार्गावर शिकारीही होतच होत्या.

चराईबंदी पुढेही कायम राहिली. तडजोड म्हणून गावकऱ्यांना उद्यानातील गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली. विळा कोरड्या जागी चांगला चालतो. पाण्यात खोल उतरून ओले गवत खाण्याचे काम म्हशीचे.